मामाचा गाळा गाळाच राहिला आणि भारत फोर्ज भारत फोर्ज झाली, फरक नेमका कुठे पडला?

मुलुंडकर_८३

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

विषय घरचाच आहे. माझ्या मामाचा भांडुपला सोनापूरजवळ एका इंडस्ट्रियल इस्टेटीत गाळा आहे, १९८७ पासून. दोन लेथ, एक सेंटरलेस ग्राइंडर, मध्ये कधीतरी घेतलेली एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आणि सहा माणसं, त्यातले दोघं मामाइतकेच जुने. माल म्हणजे रॉकर शाफ्ट आणि दोन-तीन प्रकारच्या पिना, बाइकच्या इंजिनात लागतात त्या. सगळं जातं एका मोठ्या व्हेंडरकडे आणि तिथून टू-व्हीलर कंपनीत. नावं लिहीत नाही कारण बिलं अडकलीत अजून.

आता मामेभाऊ डिप्लोमा करून धंद्यात उतरलाय. त्याला अजून दोन सीएनसी घ्यायच्यात, साधारण अर्ध्या कोटीचं कर्ज होईल, कारण त्या व्हेंडरच्या परचेसवाल्याने तोंडी सांगितलंय की पुढच्या वर्षी व्हॉल्यूम डबल करतो. मामा नको म्हणतो. गेल्या रविवारी जेवताना यावरून वाजलं आणि भावाने एकदम भारत फोर्जवाल्या बाबा कल्याणींनाच मध्ये आणलं, म्हणे त्यांच्याही घरी सगळे असंच नको नको म्हणत बसले असते तर जर्मनीहून प्रेस (लोखंड दाबून आकार देणारी अजस्र मशीन) आली असती का. मामाने आमटी ओरपत एवढंच विचारलं की त्यांच्या प्रेसचा हप्ता तू भरला होतास का. त्यावर मामी उठून गेली, पुढचं भांडण बिनमामीचं झालं.

तर माझा प्रश्न, भारत फोर्ज पण कधीतरी लहानच होती ना? तिने नेमकं काय केलं, कधी केलं, आणि त्यातलं बाराशे फुटांच्या गाळ्याला काय लागू पडतं? शेअरचे भाव नकोत प्लीज, कारखान्यातलं सांगा कुणीतरी.

चहा_कटिंग

मामा बरोबर आहे. बाय.

सांडशी

मी ३४ वर्षं फोर्जिंगमध्ये, म्हणजे तापवलेलं लोखंड ठोकून-दाबून आकार देण्यात, काढली, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात, भारत फोर्जमध्ये नव्हे, एका लहान कंपनीत, रिटायर होऊन आता मुलीकडे डोंबिवलीला असतो. आमच्या लाइनीत त्यांच्याकडे सगळ्यांचा डोळा असायचाच, त्यामुळे थोडं सांगू शकेन. लांबलं तर माफ करा, वेळच वेळ आहे.

पहिली गोष्ट, लहान होती हे खरं पण गाळ्याएवढी लहान कधीच नव्हती. नीळकंठराव कल्याणी कराडकडच्या व्यापारी घराण्यातले, १९६१ ला कंपनी काढली आणि पुण्यात मुंढव्याला माल निघायला लागला १९६६ ला. म्हणजे पाच वर्षं नुसता पैसा आत जातोय आणि बाहेर काही नाही. फोर्जिंग धंदाच तसा आहे, हॅमर, भट्ट्या, डाय (साचे) बनवायचं शॉप, हे उभं केल्याशिवाय पहिला नगसुद्धा निघत नाही. लेथ भाड्याने घेऊन सुरू करता येते, हॅमर नाही. त्यामुळे भाच्याने आणि भावाने पहिल्या दिवसापासूनची तुलना करू नये.

आता हॅमर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर प्रेसचं महत्त्व कळणार नाही. लोखंडाचा तुकडा बाराशे डिग्रीच्या आसपास तापवायचा, लाल नाही म्हणत मी, पिवळटपांढरा होतो, तो सांडशीत धरून खालच्या डायवर ठेवायचा आणि वरून टनाटनांचा घण. एका फटक्यात होत नाही, चार, पाच, सहा फटके, मध्ये मध्ये जॉब फिरवायचा, स्केल, म्हणजे वर धरणारी खपली, उडवायची. किती फटके, कुठला हलका कुठला जोरात, हे हॅमरमनच्या हातात. आमच्याकडे कँटीन हॅमर शॉपच्या शेजारी होतं, घण पडला की पत्र्यावरची धूळ ताटात यायची, म्हणून आम्ही सगळे आमटीवर डावा हात धरून जेवायचो, बाहेरचा पाहुणा आला की हसायचा, दुसऱ्या दिवशी तोही धरायचा. आणि आमचे चांगले हॅमरमन दोघंही कोकणातले. गणपतीला दोघं गावाला गेले की पुढचे दहा दिवस रिजेक्शन किती येणार हे क्वालिटीवाला न मोजता सांगायचा. जाडी कमीजास्त, डाय नीट न भरलेली, काय न काय. कस्टमर इथला असेल तर चालवून घ्यायचा, ट्रकला इथे कोण मायक्रॉन विचारत होतं. पण बाहेरच्या देशात गणपतीचं कारण चालत नाही.

बाबा कल्याणी अमेरिकेतून एमआयटीतून शिकून १९७२ ला कंपनीत आले. ऐंशीच्या दशकात त्यांचा माल बाहेर जायला लागला तो मुख्यतः सोव्हिएत रशियात, आणि १९९१ ला तो देशच राहिला नाही. त्याच्या थोडं आधी, १९८९ ला, त्यांनी जर्मनीच्या वाइनगार्टेनची १६,००० टनांची ऑटोमॅटिक प्रेस लाइन ऑर्डर केली होती. कंपनीच्या तेव्हाच्या आकाराच्या मानाने ती उडी भलतीच मोठी होती, आमच्या मॅनेजरचं शब्दशः वाक्य मला आठवतंय, म्हणाला आता यांचं दुकान विकलं जाणार. नाही विकलं गेलं. प्रेसमध्ये घण नाही, दाब आहे, सेट केलं की पहिला जॉब आणि दहा हजारावा जॉब सारखाच. ट्रकचा क्रँकशाफ्ट घ्या किंवा पुढच्या ॲक्सलचा बीम घ्या, मोठे अवघड जॉब, ते एकसारखे देता आले म्हणूनच अमेरिका-युरोपातल्या ट्रकवाल्यांनी दार उघडलं.

पण माझ्या मते खरी गोष्ट प्रेस नाहीच. प्रेस कुणीही विकत घेतं, पैसे असले की. त्यांनी त्या लाइनीवर इंजिनिअर उभे केले, डिप्लोमावाले, डिग्रीवाले, जे काम आधी अंगठाछाप पण हातात कसब असलेला माणूस करायचा तिथे. डाय स्वतः डिझाइन करायच्या, कॉम्प्युटरवर लोखंड कसं वाहील ते आधी बघायचं, स्टील स्वतःच्या ग्रुपचं, कल्याणी स्टील्स १९७३ ची आहे. पुढे मशीनिंग पण स्वतःच करायला लागले, म्हणजे कच्चा फोर्ज केलेला तुकडा विकायचा नाही, तयार क्रँकशाफ्ट विकायचा. जर्नल ग्राइंड केलेला, हार्डनिंग केलेला, क्रॅक टेस्टिंग झालेला, कस्टमरने उचलायचा आणि इंजिनात बसवायचा. किलोवर विकणारा आणि नगावर विकणारा यात काय फरक पडतो ते मामांना विचारा, ते दोन मिनिटांत सांगतील.

आमच्या कंपनीने पण नंतर प्रेस घेतली बरं का, सेकंडहँड. माणसं तीच ठेवली, डायचं ड्रॉइंग कस्टमरकडूनच घेत राहिलो. प्रेस चालायची, आम्ही तिथेच. पुढे व्हीआरएस आली आणि त्या दोन कोकणातल्या हॅमरमननी सगळ्यात आधी सही केली, त्यांना प्रेसवर करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. याबद्दल कुणी लिहीत नाही कुठे.

आता मामांसाठी प्रश्न, शाफ्टचं ड्रॉइंग कुणाचं? बार, म्हणजे कच्ची सळई, कोण देतं? हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणं) कुठे होते?

गिरगावचा_शेअरवाला

शेअरचे भाव नको म्हणालात म्हणून गप्प बसणार होतो, पण सांडशीकाकांनी गोष्ट चांगल्या जागी सोडली, तिथून पुढे वाईट भाग पण आहे आणि तो तुमच्या मामेभावाने ऐकला पाहिजे.

२००४ ला भारत फोर्जने जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस घेतली, दिवाळखोरीत निघालेली, पण तिच्या गाठीला तिथल्या मोठ्या गाडी कंपन्या कस्टमर म्हणून होत्या. लागोपाठ २००५ ला अमेरिकेतली फेडरल फोर्ज, स्वीडनची इमात्रा किल्स्टा. नंतर चीनमध्ये भागीदारी. पेपरात तेव्हा काय हेडलाइनी होत्या, आपली कंपनी गोऱ्यांच्या कंपन्या विकत घेते म्हणून कॉलर ताठ. बरं मग झालं काय, २००८ ची मंदी आली, अमेरिकेत ट्रकच विकले जाईनात, अमेरिकेतला कारखाना पुढे बंद करावा लागला, चीनमधूनही पाय काढला. मग तेल आणि गॅसचा धंदा धरला, शेल नावाच्या खडकातलं तेल-गॅस काढायला तो फोडणारे जे पंप लागतात त्यांचे पार्ट, तो जोरात चालला आणि २०१४-१५ ला तेल पडल्यावर तोही आपटला. आता तोफा. मार्च २०२५ ला सैन्याने ३०७ एटीएजीएस (देशी बनावटीच्या लांब पल्ल्याच्या) तोफांचा करार केला त्यात मोठा वाटा यांचा, उरलेला टाटांचा. म्हणजे ही सरळ वर चढणारी रेघ नाही हो, दर दहा वर्षांनी कुठेतरी तोंडावर पडायचं आणि तोपर्यंत दुसरं काहीतरी तयार असायचं.

आणि जे पडले ते उठलेच असं नाही. ॲमटेक ऑटो आठवते का कुणाला? तेही फोर्जिंग-कास्टिंगच, तेही परदेशात कंपन्यांवर कंपन्या घेत सुटले, पण सगळं कर्जावर. २०१५ ला रोखे फेडताना अडकले आणि २०१७ ला रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरी कोर्टात पाठवायला जी पहिली १२ खाती काढली त्यात नाव. तीच लाइन, तीच हिंमत, तेच फॉरेन. जेवणाच्या टेबलावर कुणी म्हणतं का की ॲमटेकवाले पण घाबरले असते तर बरं झालं असतं? फोटो जिंकलेल्यांचेच लावतात.

मला विचाराल तर शिकायचं असेल तर मदरसनकडून शिका. १९७५ ची कंपनी, आई आणि मुलगा, म्हणून मदर-सन, स्वर्णलता सेहगल आणि विवेक चांद सेहगल. मारुतीबरोबर वायरिंग हार्नेसमध्ये (गाडीतल्या वायरींचा जुडगा) वाढले, जपानच्या सुमितोमोला धरून. म्हणजे सुरुवात एका कस्टमरच्या खांद्यावरच. पण पुढे त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला, थ्री-सी एक्स टेन म्हणतात त्याला, कुठलाही एक देश, कुठलाही एक कस्टमर, कुठलाही एक पार्ट, एकूण धंद्याच्या १० टक्क्यांच्या वर जायला नको. आधी तो १५ होता, नंतर १० केला. २००९ ला सगळे घाबरलेले असताना आरशांची व्हिसिओकॉर्प घेतली, २०११ ला पेगुफॉर्म. ॲमटेकने पण विकत घेतल्या, यांनी पण घेतल्या, फरक कुठे ते बघा.

मामांचा एक नंबरचा कस्टमर किती टक्के आहे? लाजू नका.

मुलुंडकर_८३

बापरे एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून मामाला दिलंय, त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

काकांच्या प्रश्नांची उत्तरं मामाने सांगितली तशी, ड्रॉइंग त्यांचं, बार पण त्यांनी सांगितलेल्या मिलचाच घ्यायचा, हीट ट्रीटमेंट रबाळ्याला बाहेर करून आणतो, ग्राइंडिंग घरात. दरवर्षी एप्रिलमध्ये रेट दोन-तीन टक्के खाली, त्याला कॉस्ट डाऊन म्हणतात, मामा त्याला एप्रिल फूल म्हणतो. कस्टमर ९० टक्के एकच. उरलेले १० टक्के म्हणजे शेजारच्या गाळ्यातला प्रिंटिंग मशीनवाला, त्याचे रोलर करून देतो.

मुंबईत राहिल्यामुळे मागे पडलो असं पण मामा म्हणतो, ते कितपत खरं?

कुर्ला_वेस्ट

खरं आहे आणि नाही पण. माझं बालपण प्रीमियरच्या भोंग्यावर गेलंय म्हणून सांगतो. वालचंद हिराचंदांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला फियाट व्हायच्या, तीच पुढे पद्मिनी. त्या एका कारखान्याच्या जिवावर कुर्ला, घाटकोपर, भांडुप, ठाण्यापर्यंत किती गाळे चालले असतील त्याची गणती नाही, कुणी बुशिंग, कुणी हॉर्नची रिंग, कुणी नुसता क्रोम. गाडीला वेटिंग लिस्ट असायची वर्षानुवर्षांची, त्यामुळे गाळेवाल्यालाही घाई नव्हती आणि सुधारायची गरजही नव्हती, केलं ते खपलं. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. मारुतीने जपान्यांना बरोबर आणलं आणि पार्ट भारतातच हवेत पण आमच्या क्वालिटीचे हवेत म्हणून व्हेंडर स्वतः घडवले, पण दिल्लीच्या बाजूला. इकडे बजाज १९८५ ला वाळूजला गेली तसे तिच्यामागे औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, पार्टवाले उभे राहिले, एन्ड्युरन्स तिथलीच, ती पण आता युरोपात कारखाने चालवते. व्हेंडर हा गाडीच्या मागेच जातो हो, जिथे असेंब्ली तिथे तो. मुंबईतली असेंब्ली गेली, जागेचे भाव वाढले, जकात होती तेव्हा, ज्यांना जमलं ते चाकणला गेले आणि ज्यांना नाही जमलं त्यांनी गाळा भाड्याने दिला. प्रीमियरच्या जागेवर आता टॉवर आहेत, लिफ्टमध्ये विसावा मजला दाबताना मला अजून मजा वाटते.

तुमच्या मामांनी भाड्याने न देता अजून लेथ चालू ठेवलीय हीच मोठी गोष्ट. भांडुपला तेवढ्या गाळ्याचं भाडं घरी बसून किती येईल याचा हिशोब भावाला करायला सांगा, सीएनसीच्या हप्त्याशेजारी लिहायला.

काउंटरवाला

ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्टचं दुकान आहे, वडिलांपासून. मी दुसऱ्या बाजूने सांगतो, इथे सगळे कंपनीला माल देण्याबद्दलच बोलतायत.

पद्मिनी बनायची बंद झाली २००० च्या आसपास, पण काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली ऑक्टोबर २०२३ ला, वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. कारखाना नाही, कंपनीचा माल नाही, आणि तरी वीसेक वर्षं आम्ही पद्मिनीचे पार्ट विकत होतो. कुठून येत होते? अशाच गाळ्यांतून. गाडी मरते पण पार्ट लगेच मरत नाही, त्याला गाडी रस्त्यावर असेपर्यंत आयुष्य आहे. शेवटच्या दिवसांत माझ्याकडे दोन कपाटं भरून माल राहिला, ते नुकसान पण सांगितलं पाहिजे.

काउंटरवर कसं चालतं बघा. मेकॅनिक येतो, पेपरात गुंडाळलेला जुना पार्ट, तेल गळतंय, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो हा द्या. मी विचारतो कंपनीचा देऊ, चांगला देऊ की चालू देऊ. हे तिन्ही शब्द वेगळे आहेत. कंपनीचा म्हणजे गाडीकंपनीच्या पेटीतला. चालू म्हणजे ज्याला बापच नाही तो. आणि चांगला म्हणजे कुणातरी बनवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाच्या पेटीतला, ज्याचा पार्ट परत येत नाही. त्या मधल्या माणसाला माझ्याकडे कायम जागा आहे आणि तो मला दर एप्रिलला दोन टक्के कमी करत नाही, उलट वाढवून मागतो आणि मी देतो. मामा ३५ हून जास्त वर्षं शाफ्ट बनवतायत आणि त्यांच्या नावाची एक पेटी नाही? हे मला पटत नाही.

मोठे पण हेच करतात हो. बेअरिंग घ्या, क्लच घ्या, फिल्टर घ्या, गाडीत वेगळ्या रेटने जातो आणि माझ्या दुकानात त्यांच्याच नावाने वेगळ्या रेटने येतो, पैसा या दुसऱ्या बाजूला आहे. पहिल्या बाजूला इज्जत आहे.

पार्ल्याची_सीए

काउंटरवाले दादा म्हणतात ते ठीक, पण सावध. जो पार्ट कस्टमरच्या ड्रॉइंगवर आणि त्याने दिलेल्या टूलिंगवर बनतो तोच उचलून बाजारात विकला तर करार मोडतो, पीओच्या (खरेदीच्या ऑर्डरच्या) मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही. वेगळा पार्ट घ्या, स्वतः माप काढा, स्वतःचं ड्रॉइंग करा.

बाकी दोन व्यवहाराच्या गोष्टी. बिलं अडकलीत म्हणालात, उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का? असेल तर बिलावर नंबर छापा. इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) आलंय, २०२३-२४ पासून लागू, मायक्रो आणि स्मॉल उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत नाही दिले, आणि करार नसला तर १५ दिवसांत, तर ते देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च धरता येत नाही. मार्चमध्ये पहिल्यांदा असं होईल की अकाउंट्सवाला तुम्हाला फोन करेल. कस्टमर ट्रेड्सवर (बिलं ऑनलाइन वटवायची व्यवस्था) असेल तर बिल तिथे डिस्काउंट करून घ्या, सीसी (बँकेची कॅश क्रेडिट) काढण्यापेक्षा स्वस्त पडतं बऱ्याचदा.

आणि तोंडी व्हॉल्यूमवर अर्धा कोटी? मी तर मेहुण्यालासुद्धा देणार नाही. लेखी मागा. देणार नाहीत, पण मागितल्यावर काय चेहरा करतात त्यावरून कळतं.

चहा_कटिंग

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

सांडशी

शेअरवाल्यांचा मुद्दा मान्य, मी चांगलंच तेवढं लिहिलं होतं.

अजून एक राहिलं. रॉकर शाफ्ट हा पेट्रोल इंजिनाचा पार्ट आहे. इलेक्ट्रिक स्कूटरला रॉकर नाही, कॅम नाही, पिस्टन नाही, काहीच नाही, मोटर आणि कंट्रोलर. अजून विकल्या जाणाऱ्या शंभर टू-व्हीलरमध्ये सहा-सातच इलेक्ट्रिक असतील, त्यामुळे उद्या बंद पडेल असं नाही आणि बाइकला तर वेळ आहे. पण कर्ज पाच-सात वर्षांचं असतं. क्रँकशाफ्टवाल्यांनाही हाच घोर आहे, म्हणून तर तोफा आणि विमानांचे पार्ट. मामांनी मशीन घ्यावी, पण अशी घ्यावी की उद्या शाफ्टऐवजी त्यावर मोटरचा शाफ्ट, पंपाचा शाफ्ट, काहीही गोल चढवता येईल. आणि हीट ट्रीटमेंट बाहेर करता ना, निदान एक हार्डनेस टेस्टर (कडकपणा मोजायचं यंत्र) तरी घरात ठेवा. आलेला प्रत्येक लॉट स्वतः तपासून लिहून ठेवायचा, वहीत का होईना. ज्याच्याकडे स्वतःचा आकडा असतो त्याच्याशी कस्टमर वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी पलीकडच्या खुर्चीत बसून बघितलंय, आम्हीच व्हेंडरांचं ऑडिट करायचो तेव्हा. ज्या व्हेंडरकडे वही असायची तिथे आम्ही चहा घ्यायचो, नसायची तिथे नाश्तासुद्धा मागायचो.

भावाला खूप ओरडू नका. त्याने निदान मशीनबद्दल भांडण केलं, आमच्या वेळी मुलं गाळा विकायचा म्हणून भांडायची.

मुलुंडकर_८३

महिन्याभराने अपडेट देतोय, मध्ये ऑफिसचं काम होतं.

भाऊ व्हेंडरकडे गेला आणि व्हॉल्यूमचं पत्र मागितलं. परचेसवाला हसला, चहा मागवला, आणि तीन महिन्यांचं शेड्यूल मेल करतो म्हणाला. केलं पण, त्यात आकडा डबल नाही, सव्वापट आहे. सीएताईंनी चेहऱ्याचं म्हटलं होतं तसंच झालं. उद्यमचा नंबर बिलावर छापायला सुरुवात केलीय, दोन जुनी बिलं सुटली, योगायोग असेल किंवा नसेल.

मशीन एकच घेतली, वसईला एक युनिट बंद होत होतं तिथली सेकंडहँड, भावाने दोन दिवस तिथेच बसून चालवून बघितली, स्पिंडलचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती हलतो ते, स्वतः घेतला. मामा बरोबर गेला होता पण मशीनकडे कमी आणि त्या बंद होणाऱ्या मालकाशी जास्त बोलत बसला. येताना गाडीत गप्प होता. तिथून एक जुना हार्डनेस टेस्टरही उचलला, तो मामाने पसंत केला, भावाला माहीतच नव्हतं. वही पण घातलीय, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते ती.

काउंटरवाले दादांकडे जाऊन आलो आम्ही तिघं. एका बंद झालेल्या मॉडेलची पिन आहे, कंपनी आता देत नाही, मेकॅनिक शोधत येतात म्हणाले. त्यांनीच दोन जुन्या काढून दिल्या नमुन्याला. मामाने माप घेतलं, स्वतः ड्रॉइंग काढलं, पेन्सिलीने, पस्तीसहून जास्त वर्षांत पहिल्यांदा उजव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव घातलं. पंचवीस नग करून बिस्किटाच्या पुड्याच्या खोक्यात भरून नेले. दादांनी एक उचलून नखाने कड बघितली आणि म्हणाले फिनिश कंपनीपेक्षा चांगलं आहे पण या खोक्यात मी दुकानात ठेवणार नाही, पेटी करून आणा.

तर आता पेटीवर नाव काय छापायचं यावरून चालू आहे. भावाला काहीतरी टेक हवंय शेवटी. मामाला आजीचं नाव हवंय. मामी म्हणते माझं का नको. कुणाला भांडुप-ठाण्याकडे थोड्या संख्येत पेट्या छापून देणारा माहीत असेल तर कळवा, सगळे पाच हजाराच्या खाली बोलत नाहीत.

काउंटरवाला

पाच हजार नका छापू. पाचशे छापा, प्लेन पांढऱ्या, आणि नावाचा रबरी शिक्का करा, मशीद बंदरला अर्ध्या दिवसात मिळतो. पिना पाठवा तोपर्यंत, दोन मेकॅनिक विचारून गेलेत.